मेणावरचा अंगठा

शीलाताई गेल्याचं मला फोनवर कळलं, आणि सांगणारा आवाज सायलीचा होता. सायली जाऊन कितीतरी वर्षं झाली आहेत. रविवारची सकाळ, मी कुंड्यांना पाणी घालत होतो. फोन उचलला तर पलीकडून आलं, "सुधाकरभाऊ, शीलाताई संपल्या. चहाले आल्या नाही म्हणून हे पाहायले गेले, तर झोपेतच…" प्रत्येक 'स'च्या आणि 'श'च्या शेपटाला ती बारीक शिट्टी, पुढच्या दोन दातांत फट असलेल्या मुलीची. मी विचारलं, "कोण बोलतंय?" पुन्हा विचारलं. "अहो मी, सायलीची आई," असं उत्तर आलं, तेही शिट्टीसकट, आणि माझा जीव भांड्यात पडला. आईच्या तोंडून मुलीचा आवाज येण्याला कारण होतं, अगदी साधं, शास्त्रातलं. शीलाताईंनीच ते मला समजावून दिलं होतं. ते पुढे सांगतो. त्या सकाळी मला ते पुरलं. घाबरट माणसाला एकदा कारण मिळालं की तो फार खोलात जात नाही.

शीलाताई दातांच्या डॉक्टर, त्यातही कवळ्यांच्या. दंत महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर मुलामुलींना कवळी करायला शिकवलं आणि निवृत्तीनंतर नागपुरात बेसा भागात एका प्रतिष्ठानाचं केंद्र चालवलं. खाली केंद्र, वर त्या एकट्या राहत. मी विमा कंपनीतून निवृत्त होऊन तिथं व्यवस्थापक झालो, म्हणजे प्लास्टरची पोती आली का आणि गावोगावी मापं घ्यायला सावनेरकडे जाणारी गाडी वेळेवर निघाली का, हे बघणारा माणूस. पहिल्या दिवशी आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि दारातच थबकलो. भिंतभर फळ्या आणि त्यांवर जबडेच जबडे. पांढरे, प्लास्टरचे, काही दातांचे, काही नुसत्या हिरड्यांचे. ते सगळे आपसात काही बोलत होते आणि मी आल्यामुळे गप्प झाले, असं मला वाटलं. "काहून थांबले गा, सुधाकरभाऊ?" शीलाताई म्हणाल्या, "चावत नाही ते." यातली माणसं हयात आहेत का, असं मी विचारलं. "असतील, नसतील. माणूस जाते, साचा राहते." भुताखेतांचं त्यांना भारी हसू येई. "आमच्या आजीनं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले. त्यांच्यासंगं भुतंही गेली. तुमच्या घरी दोन्ही आहेत, सांभाळा," म्हणत. मी सांभाळतच होतो.

शीलाताई माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणूस जिलबी खाताना दिसला की माझ्या कानाशी येत, "हा आपल्या त्या खापरीच्या म्हातारीचा पोरगा आहे पाहा," आणि तो असायचा. कवळी करतानाही त्यांची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. दात निवडण्याआधी शीलाताई म्हाताऱ्या माणसाकडे हसतानाचा जुना फोटो मागत. आता आपल्याकडे जुन्या फोटोत कोण हसतं? लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरा-नवरी कोर्टात उभे असल्यासारखे. फोटो नसला की त्या विचारत, "तुमच्यावर कोण गेलं?" मुलगा, मुलगी, कुणीतरी गेलेलं असतंच. मग त्याला बोलावून घ्यायचं, हसवायचं, त्याचे दात बघायचे आणि तशी कवळी लावायची. विद्यार्थी हे सगळं त्यांच्या हाताखाली करत, प्रतिष्ठानाचा पैसा त्यासाठीच होता. कॉलेजात एकाने माप घ्यायचं, दुसऱ्याने दात बसवायचे, तिसऱ्याने सही करायची, असं चाले. इथं एका विद्यार्थ्याचा एक म्हातारा, पहिल्या मापापासून पहिल्या फुटाण्यापर्यंत. कवळी बसली की म्हाताऱ्याच्या तळहातावर फुटाणे ठेवायचे आणि ते फुटल्याचा आवाज ऐकूनच विद्यार्थ्याने उठायचं, हा नियम.

सावनेरजवळच्या गावात कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांना अशी कवळी बसवली. ते बायकोकडे बघून हसले, तशी आजीनं पदर तोंडावर घेतला. "वं माय! हा तर आमचा बंडू हसून राहिला! आता यांच्याशी भांडू कशी मी?" सगळा ओटा हसला. मीही हसलो, पण त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर तरण्या मुलाचं हसू बसलेलं बघून माझ्या मानेवरून काहीतरी थंड सरकलं. शीलाताईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मले तर बरं वाटते. एक हसू दोघं वापरून राहिले."

प्रतिष्ठान होतं सायलीच्या नावाचं. सायली शीलाताईंची विद्यार्थिनी. वडील वसंतराव, वाडीला त्यांची गोदामं, आई मंदाकिनीबाई, एकुलती एक मुलगी. पुढच्या दोन दातांत फट, त्यामुळे स्वतःचं नावसुद्धा तिला शिट्टी वाजवल्याशिवाय सांगता येत नसे. मी तिला एकदोनदाच भेटलो, वसंतरावांच्या विम्याच्या कामानं घरी गेलो तेव्हा, पण "साखर किती, काका?" हा तिचा प्रश्न अजून कानात आहे. दातांच्या कॉलेजात शिकते आणि स्वतःची फट बुजवत नाही, म्हणून वर्गातली मुलं चिडवत. ती म्हणे, "फट बुजवली तर मी आहे हे लोकांना कळणार कसं?" पहिल्या वर्षाला मुलं एकमेकांच्याच तोंडाची मापं घेऊन शिकतात. सायलीचं माप घेताना ती इतकी हसली की साच्यात एका दाढेवर बुडबुडा राहिला. असे साचे टाकून देतात. तो का कोण जाणे शीलाताईंच्या टेबलावर राहून गेला, आणि पुढच्या पावसाळ्यात सायली डेंग्यूच्या तापात गेली. त्यानंतर मात्र तो साचा त्यांनी कुणाला हलवू दिला नाही. वसंतरावांना चौकात मुलीचा पुतळा बसवायचा होता. शीलाताई त्यांच्या घरी जाऊन म्हणाल्या, "पुतळ्याचं तोंड कधी उघडत नाही, वसंतराव. लोकांची तोंडं उघडा." असं हे केंद्र सुरू झालं, आणि तो साचा कॉलेजच्या टेबलावरून केंद्राच्या खिडकीत आला.

मंदाकिनीबाईंना मधुमेह. हिरड्या गेल्या, दात हलले, शेवटी सगळेच काढावे लागले. आपल्याच पैशानं आलेल्या खुर्चीत त्या पेशंट म्हणून येऊन बसल्या. शीलाताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "वहिनी, हसतानाचा फोटो आणला का?"

"फोटो काहून पाहिजे? माझ्यावर कोण गेली होती, तुम्हाले माहीत आहे न." आणि त्यांनी खिडकीकडे बघितलं.

मी शीलाताईंना बाजूला घेतलं. म्हटलं, ताई, हे नका करू, गेलेल्या माणसाचे दात जिवंत माणसाच्या तोंडात… बरं नाही हे. "दात ॲक्रिलिकचे आहेत, सुधाकरभाऊ," त्या म्हणाल्या. मग खिडकीतल्या साच्याकडे वळल्या. ओठ चावत उभ्या होत्या. "ती हसली की सारा वर्ग हसे. मलेही एकदा पाहायचं आहे ते."

तरी त्यांनी आधी सावधपणा बाळगला. मेणात दात बसवून तोंडात घालून बघतात, त्या वेळी दात सायलीचे ठेवले, पण फट ठेवली नाही. मंदाकिनीबाईंनी आरशात बघितलं, ओठ उघडले, मिटले. "ही ती नाही. ही तर कोणीही आहे." एवढंच बोलल्या आणि ते काढून शीलाताईंच्या हातात दिलं. तेव्हा मग फट ठेवली.

कवळी बसवायच्या दिवशी वसंतराव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. यातलं त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. आत मंदाकिनीबाईंनी कवळी घातली, आरशात स्वतःकडे बघत राहिल्या, रडल्या नाहीत. हातावर फुटाणे ठेवले. ते फुटले. मग त्या शीलाताईंकडे वळून सहज म्हणाल्या, "साखरफुटाणे असते तर सोपं गेलं असतं." तीच शिट्टी. बाहेर खुर्ची सरकली.

"सायली?" वसंतराव म्हणाले. घरी परतलेला बाप दारातून मारतो तशी ती हाक होती. आम्ही तिघंही हललो नाही. ते आत आलेच नाहीत. थोड्या वेळानं गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं. फळ्यांवरचे सगळे जबडे आपले उघडेच.

मी त्या दिवशी घामाघूम झालो होतो, म्हणून शीलाताईंनी मला चहा पाजून ते साधं कारण सांगितलं. शिट्टी हवेची असते. फटीतून हवा निघाली की वाजते. "दात नाही तर फट नाही, फट नाही तर शिट्टी नाही. यात सायली कुठे आली? अन् ही पण थोड्या दिवसाची. जीभ शिकते, आपली जागा धरते, शिट्टी बंद होते." मला फार बरं वाटलं.

वसंतराव मात्र दोन-चार दिवसांतच येऊन उभे राहिले. चेहरा ओढलेला. "ते बुजवा, ताई. ती स्वयंपाकघरातून विचारते, साय काढू का, अन् माझ्या हातातला पेपर खाली पडते. माझ्या घरात मले भीती वाटून राहिली."

"वहिनी म्हणतील तर बुजवते."

"मग मी हे सगळं बंद करतो. केंद्र, गाडी, सगळं."

"करा," शीलाताई म्हणाल्या. "पण तोंड त्यांचं आहे." ते गेल्यावर त्या मापांची वही उघडून बसल्या. गावोगावची मापं घेऊन झालेली म्हातारी माणसं, अर्ध्यावर आलेले विद्यार्थी, सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आठवडाभर आम्ही फोनची वाट बघत होतो. फोन आला नाही. बंदही काही झालं नाही.

झालं वेगळंच. वसंतरावांचं दचकणं कधी वाट पाहण्यात बदललं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. बायकोला ते पेपर मोठ्यानं वाचायला सांगू लागले. शीलाताई दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे चहाला जाऊ लागल्या. एकदा मलाही घेऊन गेल्या, आणि पुन्हा मी कधी गेलो नाही. दिवाणखान्यात मंदाकिनीबाई चष्मा लावून बाजारभाव वाचत होत्या… सोयाबीन, सरकी, संत्रा, शेंगदाणा. समोर वसंतराव आणि शीलाताई डोळे मिटून ऐकत होते, दोघांच्याही चेहऱ्यावर एकच हसू. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलला नाही. भर सकाळ, खिडक्या सताड उघड्या, रस्त्यावर भाजीवाला ओरडतोय, आणि मला त्या घरातून पळून जावंसं वाटत होतं.

येताना मी विचारलं, "शिट्टी जाणार होती ना, ताई?" त्यांनी गाडीची काच खाली केली. "जायले पाहिजे होती. जिभेनं शिकायले पाहिजे होतं. पाहिलं मी तपासून… समजून नाही राहिलं मले." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. म्हटलं, म्हणजे? "म्हणजे काही नाही. गाडी पाहून चालवा."

शीलाताईंची आणि माझी शेवटची भेट त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारची, केंद्रात. मंदाकिनीबाई एकट्याच आल्या. बसल्या, पाठ करून कवळी काढली, रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवली. आता त्यांचा आवाज बोळक्या तोंडाच्या बाईचा, ओला, अस्पष्ट होता. "बुजवा हे. आता बस झालं."

"काय झालं, वहिनी?"

"मागच्या रविवारी वाचता वाचता मी म्हटलं, छातीत दुखून राहिलं माझ्या. हे डोळे मिटून हसले. तुम्ही पण तिथंच होत्या, ताई. तुम्ही पण हसल्या. मी काय बोलली ते कोणी ऐकलंच नाही. तिचं ऐकता सगळे. मी मेली का जिवंत आहे?"

शीलाताईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी उठून मंदाकिनीबाईंचा हात धरला. "चुकलं वं माझं. चुकलं." लगेच मला गाडी काढायला लावली, हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. छातीचं दुखणं पित्ताचं निघालं, बाईंना घरी सोडलं. पण केंद्रात परत आल्यावर शीलाताई त्या कवळीसमोर तशाच बसून राहिल्या. बाजूला खिडकीतला साचा. "लोकांची तोंडं उघडायले निघाली होती मी, सुधाकरभाऊ. अन् जित्या बाईचं तोंड बंद करून बसली." मी विचारलं, बुजवणार ना? "हो. उद्या चहाले जाताना घेऊन जाते." मी निघालो तेव्हा त्या मेणाची पट्टी हातात घेऊन होत्या, अजून गरम केली नव्हती. मान वर न करता म्हणाल्या, "फट बुजवली तर मी आहे हे लोकांले कळणार कसं, म्हणे ती…" मी येतो म्हटलं. त्यांनी मान हलवली.

घाटावर त्रिशरण-पंचशील झालं. कितीतरी विद्यार्थी आले होते, आता त्यांतले काही स्वतः डॉक्टर. मंदाकिनीबाई पदर तोंडाला लावून एका बाजूला उभ्या होत्या, अवाक्षर बोलल्या नाहीत. माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. कवळी माझ्यासमोर शनिवारीच तोंडातून निघून केंद्राच्या टेबलावर राहिली होती, हे मला सकाळी फोनवरही आठवलं नाही आणि घाटावरही नाही. मृत्यूच्या बातमीत असलं काही सुचत नाही.

ते सुचलं केंद्र पुन्हा उघडलं त्या दिवशी. आतल्या खोलीत गेलो. खिडकीत साच्याशेजारी एक वाटी होती, पाणी आटत आलेलं, आणि त्यात ती कवळी. पुढच्या दोन दातांमधली फट गुलाबी मेणानं नीट बुजवलेली होती. मागून मेण दाबताना शीलाताईंचा अंगठा उमटला होता, रेघ न् रेघ दिसत होती. त्यांनी ते केलं होतं. ज्या मुलीला बघायला त्या एवढ्या आसुसल्या होत्या तिचं तोंड स्वतःच्या हातानं मिटून, मगच वर झोपायला गेल्या होत्या. मला रडू आलं. आणि रडता रडता एकदम कळलं, की कवळी शनिवारपासून इथंच आहे. रविवारी सकाळी मंदाकिनीबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता. दात नाही तर फट नाही, फट नाही तर… मी फळ्यांकडे पाठ करून, भिंतीला धरून धरून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. मंदाकिनीबाईंनी चहा आणला. बोळक्या तोंडानं, ओल्या अस्पष्ट आवाजात त्या बोलत होत्या. शिट्टीचा मागमूस नाही. त्या दिवशी फोन तुम्हीच केला होता ना, असं मी विचारलं. "मीच केला. तुम्ही दोनदा विचारलं, कोण म्हणून." वसंतराव खिडकीपाशी होते. "मी बाजूलेच उभा होतो," ते म्हणाले. "मलेही ऐकू आलं. हिच्या तोंडाकडे पाहून राहिलो होतो मी. तोंड हिचंच होतं, सुधाकरभाऊ. रिकामं."

मग मंदाकिनीबाई कप पुसत म्हणाल्या, "तिची मास्तरीण होती. तिची बातमी तिनंच सांगितली असेल." आणि थोडं थांबून, "त्यानंतर नाही."

नवी कवळी शीलाताईंच्याच एका विद्यार्थिनीनं केली. फोटो मागितला, तर तो या वेळी मिळाला. वसंतरावांनी जुनं कपाट उपसून शोधून काढला होता: सायलीच्या जन्माच्या आधीची, गच्चीवर वड्या-पापड वाळत घालताना खदखदून हसणारी तरुण मंदाकिनी. फुटाणे या वेळी मी सोलून ठेवले होते. ते फुटले. "सगळे सारखे सोलले नाही तुम्ही," त्या मला म्हणाल्या. नुसतं वाक्य, कुठेही शिट्टी नाही. वसंतराव समोर डोळे उघडे ठेवून बसले होते. ते बायकोकडे बघत म्हणाले, "छातीत दुखत नाही न आता?"

जुनी कवळी मी त्यांना द्यायला गेलो, तर त्यांनी घेतली नाही. "राहू द्या तिथंच. त्यावर ताईंचा अंगठा आहे." तेव्हापासून ती वाटी खिडकीत साच्याशेजारी असते. मी रोज सकाळी पाणी बदलतो. नागपूरच्या उन्हात मेण टिकत नाही, म्हणून दुपारी वाटी सावलीत फळीवर, जबड्यांच्या मध्ये ठेवतो, आणि ऊन उतरलं की पुन्हा खिडकीत. अंगठ्याच्या रेघा अजून शाबूत आहेत. त्या खोलीत मी बोलत मात्र नाही. विद्यार्थी विचारतात, सर, आत गेलं की तुम्ही गप्प का होता? मी काहीतरी थाप मारतो. खरं कारण शीलाताईंनाच सांगता आलं असतं, आणि त्या हसल्या असत्या… आत पाऊल टाकलं की मला अजूनही, पहिल्या दिवसासारखंच, माझ्यामुळे कुणीतरी बोलता बोलता थांबल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, की आता त्यांत भुताखेतांना हसणारा एक आवाज माझ्या ओळखीचा आहे. म्हणून मी पाणी बदलतो, दार हळूच ओढून घेतो, आणि त्यांचं बोलणं पुन्हा सुरू व्हावं म्हणून लवकर लांब जातो.